आधी कुणी बोलायचं

माईंनी उभ्या आयुष्यात सहल केली नव्हती. डोंगर काय, समुद्र काय, ज्याच्या हाताला घरात काम नाही त्याने पाहावेत, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यांची पट्टी निघते न निघते तोच, ‘डोंगरदर्शन आणि बेटावरचे वन्यजीव’ अशा सहलीला जाण्याचे त्यांनी परस्पर ठरवले, तेव्हा घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. थोरल्या मुलाने भीत भीत सुचवले की डोळे पुरते बरे होऊ द्यावेत. सोबत थोरली सून येईल, एवढेच सांगून माईंनी विषय संपवला. त्या घरात माईंनी संपवलेला विषय पुन्हा काढण्याची रीत नव्हती.

कारण त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. शेजारीण त्याच सहलीहून नुकतीच परतली होती आणि फोनवरची छायाचित्रे एकेक करून दाखवत होती. त्यातल्या एकात बोटीच्या कठड्याशी नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. शेजारणीच्या लेखी तो बोटीवरचा माहिती सांगणारा, दुसरे काही नाही. पण सगळा भार एका पायावर टाकून आणि मान किंचित डावीकडे कलती करून उभे राहण्याची ती ढब माईंनी त्याच्या पहिल्या पावलापासून पाहिली होती. बोट बरी दिसते, असे त्या म्हणाल्या आणि ताकास तूर लागू न देता सहलीचे नाव-गाव विचारून घेतले.

तो त्यांचा धाकटा मुलगा होता. घरचे कापडाचे दुकान होते. जन्मभर गजाने कापड मोजत बसणार नाही, असे त्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत सांगितले होते, आणि माईंनीही त्याच गिऱ्हाइकांच्या देखत उत्तर दिले होते की, जायचे तर खुशाल जावे, पण परत यायचे झाले तर पहिला शब्द त्याने बोलावा. यात त्यांच्या दृष्टीने वावगे काही नव्हते. भांडणानंतर लहानाने आधी बोलायचे, मोठ्याने नाही, हा त्या घराचा कायदा होता. माई नव्या नवरी होत्या तेव्हा सासूबाईंचा अबोला त्यांनीच पुढे होऊन, चूक नसताना, मोडला होता. जे आपण मुकाट्याने पाळले ते पोटच्या पोराला जड का जावे, हे त्यांना कधी उमगले नाही. तो गेला त्या संध्याकाळी त्यांनी बजावले की, या घरात त्याचे नाव निघता कामा नये. ते निघाले नाही. माईंचा शब्द घरात इतका चोख पाळला जाई की, कधीकधी एकट्या असताना त्यांनाच त्याची धास्ती वाटे.

आता वर्षांमागून वर्षे गेली होती. माईंनी मनाशी हिशेब अगदी सोपा करून ठेवला होता. त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. त्याने नुसते ‘माई’ म्हणायचा अवकाश, उरलेले सगळे त्या तिथल्या तिथे माफ करणार होत्या. आपण इतक्या दूरवर आलो, हे तर आपण अर्ध्याहून अधिक वाट चालून आल्यासारखेच झाले. उरलेले एक पाऊल त्याने टाकावे. याहून खाली उतरणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

डोंगरावरचे दिवस त्यांनी कसेबसे काढले. सहलीचा वाटाड्या गळ्यात शिट्टी अडकवून हिंडणारा गोलमटोल, बोलघेवडा गृहस्थ होता. माईंनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव शिट्टीमास्तर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सगळी बस त्याला त्याच नावाने हाक मारू लागली. उशिरा येणाऱ्यांना माई अशा काही नजरेने पाहत की, तिसऱ्या दिवशी मास्तरांना शिट्टी फुंकावीच लागली नाही. माथ्यावर नेणाऱ्या, तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात थोरल्या सुनेने डोळे गच्च मिटून घेतले होते; माई मात्र ताठ बसून होत्या. वर गेल्यावर धुक्याखेरीज काही दिसेना, तेव्हा दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटे नाही, जवळून तर ते दिसतही नाहीत, असे त्या म्हणाल्या आणि सगळे खळखळून हसले. पुढे धुके फाटले, दरीपलीकडची शिखरे उन्हात उघडी पडली, माणसांनी फोन वर धरले. माईंनी मास्तरांना पुन्हा एकदा विचारले की, हवा कशीही असली तरी बोट सुटते ना?

“आजी, तुम्हाला डोंगराचं काही पडलेलंच नाही,” मास्तर म्हणाले.

“डोंगर कुठं पळून चाललाय? माणसांचं तसं नसतं.”

मास्तरांना हे बोलणे वयाला साजेसे वाटले. थोरलीला काहीच वाटले नाही. ती शालीच्या टोकाने माईंचा काळा चष्मा पुसत होती. डॉक्टरांनी उजेडापासून जपायला सांगितले होते, म्हणून तो चष्मा माई दिवसभर घालून असत.

धक्क्यावर पोहोचले त्या सकाळी वारा पडलेला होता. माईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाला मनगटात बांधायची पट्टी घ्यावी लागे. ती आणायला थोरली तिकिटाच्या खिडकीपाशी गेली आणि माई बाकावर बसून राहिल्या. थोरलीला यायला बराच वेळ लागला. आली ती पांढरीफटक पडून. माईंनी विचारल्यावर, डिझेलच्या वासाने मळमळते आहे, असे तिने सांगितले आणि माईंकडे न पाहता त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली. माईंचे तिकडे लक्ष नव्हते. बोटीत उतरायच्या फळीच्या टोकाशी नारिंगी जाकिटातला तो दिसत होता. अंगाने भरला होता, कानशिलांवर पांढरे आले होते. माई बाकावरून उठल्या. पाठीचा कणा त्यांनी वाकू दिला नाही.

त्यांची पाळी आली. त्याने हात पुढे केला.

“या आजी. सावकाश. पाय इथं ठेवा.”

आजी. पुढच्या म्हातारीलाही तो तेच म्हणाला होता. माईंनी त्याचा हात धरला नाही. दोराचा आधार घेऊन त्या स्वतः बोटीत उतरल्या. ओळख असून अनोळखी होणे त्याला बरे जमले, असे त्यांच्या मनात आले. तरीही त्यांनी आशा सोडली नाही. चारचौघांत संकोचला असेल, बेट येईपर्यंत बोलेल.

बेट आले. पाण्यातून सरळ उभा उठलेला कडा, आणि कड्याच्या प्रत्येक पायरीवर पक्षीच पक्षी, हजारोंनी. खालच्या सपाट खडकांवर सील आडवे पडून ऊन खात होते. बोटीचे यंत्र बंद झाले. त्याने हातातल्या कर्ण्यावरून सगळ्यांना माहिती सांगितली. आवाज तोच होता, थोडा जाडावलेला. मग त्याने कर्णा बाकाखाली ठेवला, सरळ माईंकडे आला आणि त्यांच्यापाशी उकिडवा बसला. आता बोलेल, असे त्यांना वाटले.

“आजी, समोर कडा आहे,” तो हळू आवाजात सांगू लागला. “करडा, खडबडीत. पाणी कसलं आहे सांगू? धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या छिटाच्या कापडासारखं. आणि कडा म्हणजे कापडाच्या दुकानाची भिंत. खालपासून वरपर्यंत फळ्या, आणि फळीफळीवर कापडाची ठाणं रचून ठेवावीत तसे पक्षी, दाटीवाटीनं. पाठ काळी, पोट कोऱ्या मांजरपाटासारखं पांढरं. आता एक उडाला. ठाण भिरकावल्यावर उलगडत जातं ना, तसे पंख उघडले त्यानं.”

शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ हसले. पक्ष्यांचं दुकान छान थाटलंत, असे म्हणाले. त्यावर आणखी दोघेतिघे हसले.

माईंच्या कानशिलांत रक्त चढले. ज्या दुकानाला लाथ मारून गेला, त्याचीच चेष्टा, आणि तीही परक्यांना हसवण्यासाठी, आईच्या तोंडासमोर? माफीचे जे शब्द त्यांनी मनाशी जपून आणले होते ते बाजूलाच राहिले, आणि त्याच्या जागी दुकानातला जुना, गल्ल्यामागचा आवाज बाहेर पडला.

“मला डोळे आहेत,” त्या म्हणाल्या. “शस्त्रक्रियेपासून तर सगळं स्वच्छ दिसतंय. माणसंसुद्धा ओळखू येतात. तुम्ही पुढच्यांना सांगा.”

तो हलला नाही. काळ्या चष्म्यातून माईंनी पाहिले, त्याचा चेहरा कुणीतरी पुसून टाकावा तसा कोरा झाला. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. बरं, एवढेच म्हणाला आणि बोटीच्या पार मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सीलची माहिती बोट चालवणाऱ्यानेच सांगितली, तीही मोडकीतोडकी. धक्क्यावर उतरताना हात द्यायला दुसराच कुणीतरी होता.

बस घाटाला लागली तेव्हा माईंच्या लक्षात आले की, शेजारी बसलेली थोरली तोंडात पदर कोंबून रडते आहे. मळमळीला कुणी इतके रडत नाही, असे त्या कोरडेपणाने म्हणाल्या. त्यावर थोरलीचा बांध फुटला. धाकटा घर सोडून गेल्यापासून तिने माईंसमोर जे नाव उच्चारले नव्हते, ते तिने आताही उच्चारले नाही. भावजी, एवढेच म्हणाली, आणि पुढचे सगळे खाली मान घालून सांगितले.

खिडकीपाशी तो तिला भेटला होता. तिला पाहताच धावत आला, वहिनी म्हणाला, आणि दुसरे काही न विचारता, माई मला भेटायला आल्यात का, असे त्याने विचारले. त्याचे तोंड लहान मुलासारखे उजळले होते. थोरली घाबरून गेली. माईंना काही ठाऊक नाही, योगायोगाने आपण इथे येऊन ठेपलो, आणि आता भर धक्क्यावर अनर्थ होणार, असे तिला वाटले. माईंचा हुकूम होता. तो मोडायचा कसा? म्हणून तिने एकाच वेळी दोघांनाही जपले. माईंना हल्ली दिसत नाही, शस्त्रक्रिया बिघडली, असे तिने त्याला सांगितले. त्या तुम्हाला ओळखणार नाहीत, तुम्हीही ओळख देऊ नका. तुमचं नाव निघालं तर त्यांना सोसायचं नाही. त्याने एवढेच विचारले होते की, मग त्यांना पक्षी कसे दिसणार?

“मी म्हटलं, तुम्हीच सांगा मग त्यांना,” थोरली म्हणाली. “त्यांना समजेल अशा शब्दांत सांगतो, म्हणाले.”

छीट, ठाण, मांजरपाट. आंधळ्या आईला समुद्र दाखवायचा तर दुसरे कुठले शब्द होते त्याच्यापाशी? आणि तिने उत्तर काय दिले, तर सगळे स्वच्छ दिसते, माणसेही ओळखू येतात. म्हणजे धक्क्यावर पाऊल ठेवल्यापासून ती त्याला ओळखून होती, ओळखून तिने त्याचा हात झिडकारला, ओळखून त्याला पुढे हो म्हणाली. त्याने हे असेच ऐकले असणार. दुसरे ऐकण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

त्या उठल्या आणि हलत्या बसमध्ये पुढे जाऊन त्यांनी मास्तरांना गाडी मागे वळवायला सांगितले. सांगितले कसले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विनवणी केली. मास्तर बिचारे ओशाळले. सगळ्यांना पुढची रेल्वेगाडी गाठायची होती, घाटात बस वळवायला जागा नव्हती. त्यांनी बोटीच्या कार्यालयाचा फोन लावून दिला. पलीकडच्या माणसाने सांगितले की, तो नारिंगी जाकीट खुंटीला अडकवून आपली पिशवी घेऊन निघून गेला; उद्यापासून येणार नाही म्हणाला. कुठे गेला, ते ठाऊक नाही. पत्ता? इथे सगळे हंगामापुरते येतात, बाई. कोण बोलतंय म्हणून सांगू, परत आला तर?

“त्याची आई,” माई म्हणाल्या. पलीकडे यंत्राचा खडखडाट होता; त्या माणसाला ऐकू आले की नाही, कळले नाही. फोन बंद झाला होता.

शेवटच्या टप्प्यात मास्तरांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. बसमधला माईक मागे-मागे फिरवायचा आणि सहलीत काय आवडले ते प्रत्येकाने सांगायचे. कुणाला शिखरे आवडली, कुणाला पाळणा, एका लहान मुलीला जांभई देणारा सील. टाळ्या वाजत होत्या. थोरलीने नुसतीच मान हलवून माईक पुढे केला. तो माईंच्या हातात आला. माई नेहमीसारखे काहीतरी फर्मास बोलतील म्हणून माणसे आधीच हसून माना वळवू लागली होती.

माईंनी माईक तोंडाशी धरला.

“पक्षी चांगले होते,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. “सांगणाऱ्यानं फार चांगलं सांगितलं. त्याच्यामुळं दिसले.”

आजींसाठी जोरदार टाळ्या, असे मास्तर म्हणाले आणि बसभर टाळ्या झाल्या. त्या विरल्यावरही माईंनी माईक खाली घेतला नाही. पुढचा शब्द येईल म्हणून सगळे वाट पाहत राहिले. बसमधल्या कर्ण्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आत जाणारा आणि अडखळत बाहेर येणारा. मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू येत होता. अखेर मास्तरांनी पुढून हात लांब करून बटण बंद केले.