मोठ्या टायरांचा निवाडा

माझी बहीण गोदाबाई राजेगावला दिली ते १९७० साल. त्याच उन्हाळ्यात डोमाजीमामांनी लिलावात मिलिटरीची जुनी पिकप गाडी घेतली. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं चार. मी मामांच्याच घरी राहणारा भाचा, म्हणून चालवायचं काम माझ्याकडे आलं.

मामा गावचे पंच. भावाभावांच्या वाटण्या मोडून त्यांना पुन्हा एका चुलीवर जेवायला बसवण्यात त्यांचं नाव होतं. त्यांच्याच घरात मात्र धाकटा मुलगा हिरालाल आणि त्याची बायको अंजना वेगळी चूल मागत होते. थोरली सून तुळसाबाई आणि अंजना यांचं मिठावरून, सरपणावरून रोज वाजायचं. मामा एवढंच म्हणत, "माह्याच घरची चूल फुटली तं माहा न्याय कोण ऐकन?"

परसवाड्याच्या बाजारात बाबूलाल सेठचा ट्रक आमच्या शेजारी लागायचा. तो उंच. सेठ खिडकीतून खाली बघत विचारायचा, "राम-राम पटेल, नीचे सब ठीक?" मामांनी काही दिवस ऐकून घेतलं, मग बालाघाटला फकिरा मिस्त्रीकडे गाडी न्यायला लावली.

"मोठे टायर बसव. सहाच्या सहा."

फकिरानं मागच्या जोडीत हात घालून पाहिला. "पुढं बसतीन पाटील. मांगं दोघाइच्या मधात जागा नाही. एकमेकाले घासतीन."

"पयल्यानं सगळेच घासतात. एका आसावर राह्यले का जुळतात."

फकिराचा आणि त्याच्या भावाचा गावातल्या घराचा तंटा लवकरच मामांपुढे यायचा होता. त्यानं एकदा टायरकडे बघितलं, एकदा मामांकडे.

"हौ पाटील," तो म्हणाला, "जुळतीन."

गाडी एवढी उंच झाली की मामांना चढायला खाली पाट ठेवावा लागे. नारळ फुटला. पुढच्या बाजाराला मिरच्यांची पोती आणि मोहाच्या तेलाचा डबा घेऊन आम्ही निघालो. मागे हिरालाल आणि दोघी सुना बसल्या होत्या. थोडं अंतर गेलो नाही तोच वास यायला लागला.

"मामा, काहीतरी जळून राह्यलं," मी म्हणालो.

"नवं रबर हाये."

मागून हिरालालनं सांगितलं, "बाबा, टायर घासून राह्यले."

अंजना सासऱ्याशी बोलत नसे. जे सांगायचं ते जावेला सांगे, पण मामांना ऐकू जाईल अशा आवाजात. "बाई, आपल्या सैपाकघरात बी असाच वास येते, नाही?"

"तू भाजी करपवली का येते," तुळसाबाई म्हणाली.

मामांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून त्यांनी जोडीकडे पंचायतीत बघतात तसं बघितलं आणि निवाडा दिला, "मधात तेल सोडा. तेल लावलं का कोणीबी नरमते." विकायला नेलेला डबा रिकामा झाला. त्या तेलावर रस्त्याची धूळ बसली, धुळीवर धूळ बसली आणि चढावर धूर निघू लागला. आधी आतलं टायर फुटलं. मग सगळं ओझं बाहेरच्या एकट्यावर आलं, तेही फुटलं. गाडी कलली. कोणाला लागलं नाही, मिरच्या मात्र उतारावर पसरल्या.

मागून बाबूलाल सेठचा ट्रक आला.

"पटेल, ऊपर आ जाओ."

मामांनी ट्रकच्या पायरीची उंची बघितली. मग म्हणाले, "पाट आण."

फकिरानं नंतर मागच्या चाकांच्या मध्ये लोखंडी कडी घातली. जोडीत दोन बोटांची फट राहिली आणि घासणं थांबलं. ही युक्ती आपलीच, असं मामा चार गावांत सांगत फिरले. "जोडी टिकवाची असन तं मधात जागा पाहिजे."

हे ऐकून हिरालालला धीर आला. संध्याकाळी अंगणात त्यानं विषय काढला. "बाबा, मंग आमालेबी दोन बोटं द्या ना. त्या कोपऱ्यात चूल मांडतो. घर एकच राहीन."

मामा शांतपणे म्हणाले, "टायराले अक्कल नसते, म्हणून मधात कडं घालावं लागते. तुमाले देवानं अक्कल देल्ली."

दारामागून अंजना जावेला म्हणाली, "आयकलं का बाई? टायर असतो तं सुखी असतो."

तुळसाबाईला हसू आवरेना. तिला बघून अंजनालाही आवरेना. दोघी एकत्र हसताहेत हे मामांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीत फकिराला आणि त्याच्या भावाला आपल्याच घराचा दाखला दिला. त्या दोघांना एका घरात राहायचा हुकूम झाला.

आमच्याकडची दुसरी चूल मामांच्या तेरवीच्या संध्याकाळी मांडली गेली. तिची माती तुळसाबाईनंच कालवून दिली. डोमाजीमामा १९७४ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारले.