सतरा नंबरचा दगड

खरं सांगते, त्या सकाळी बेबीची गाडी वाटेत चिखलात रुतावी असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

बेबी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. पन्नाशीला आली, पालिकेत मिळकत विभागाची प्रमुख झाली, तिच्या केबिनबाहेर लोक ताटकळत बसतात, तरी घरात अजून बेबीच. आणि मी ताई. सरकारच्या किनारा खात्यात जमीन निरीक्षक, सव्वीस वर्षं एकाच किनाऱ्यावर. तो किनारा त्या दिवशी सरकार पालिकेला देऊन टाकणार होतं. पडका धक्का, कोळशाचं जुनं गोदाम, होड्या दुरुस्तीला ओढून आणतात ती उतरण, सगळं. सरकारतर्फे ताबा देणार मी आणि पालिकेतर्फे घेणार ती. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे आदेश काढणाऱ्याला काय कप्पाळ कळणार की या दोघी एकाच आईच्या!

आमच्या घरात वस्तूंना पहिल्यापासून एकच दिशा ठाऊक होती, ताईकडून बेबीकडे. माझे फ्रॉक, माझं दप्तर, माझी सायकल, खिडकीजवळची माझी खाट. मला होईनासं झालं की तिचं. कधीकधी तर होत असतानाच तिचं. "तू मोठी ना? मग दे तिला." बरं, मेलं तिच्या अंगावर शोभायचंही जास्त. माझा फ्रॉक तिने घातला की शेजारीण विचारायची, "नवा शिवला का गं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि आता किनारा! गेल्या आठवड्यात पेपरात तिचा फोटो आला, मागे माझं गोदाम. आईने तो कापून आरशाला लावला. मी सव्वीस वर्षं त्याच गोदामासमोर टपऱ्या हटवत, लोकांच्या शिव्या खात उन्हात करपले, तेव्हा कुणाला फोटो सुचला नाही.

किनारा गेला तर गेला, तेही मी गिळलं असतं. पण माझी खोली कशी गिळू? किनाऱ्याच्या एका कोपऱ्यात पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर माझी कचेरी. दहा बाय बारा, एक टेबल, एक कुरकुरणारं लोखंडी कपाट आणि पाण्याकडे उघडणारी खिडकी. भरती चौथ्या पायरीला लागली की पाचव्या, ते मी खुर्चीतून न उठता सांगते. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ताबा दिला की माझी रवानगी मुख्य कचेरीच्या तळघरात, जुन्या फायलींमध्ये. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो.

गाडी काही रुतली नाही. दहाच्या ठोक्याला बाईसाहेब हजर, सोबत पालिकेचा तरुण इंजिनिअर. माझ्या बाजूने मी आणि माझा मुकादम. ताबा द्यायची आमच्याकडे एक रीत आहे. दोन्ही बाजूंनी मिळून हद्दीवरून चालायचं, तिच्यावर रोवलेल्या प्रत्येक दगडाला हात लावायचा, त्याचा नंबर मोठ्याने म्हणायचा, कागदावर खूण करायची. एखादा दगड सापडला नाही तर मागच्या दगडापासून पुढच्यापर्यंत सरळ रेघ, तीच हद्द. एकदा सह्या झाल्या की कुणी कितीही डोकं आपटा, बदल नाही.

"एक," मी म्हणाले.

"एक," बेबी म्हणाली आणि वाकून दगडाला हात लावला. साडीला चुना लागला तरी झटकला नाही. लोकांना दाखवायला साधेपणा! सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणत होती, मीही तिला "मॅडम". मुकादमाला आमचं नातं माहीत होतं, तो मान खाली घालून हसत होता.

सोळापर्यंत सगळं सुरळीत झालं. सोळा नंबरला हद्द वळते, पायऱ्यांच्या कोपऱ्यावर सतराला जाते आणि तिथून माघारी अठराला. पण तीन वर्षांपूर्वी धक्क्याची दुरुस्ती झाली, तेव्हा ठेकेदाराने राडारोडा नेमका सतरावर ओतला. मी उकरून घ्यायला हवा होता. त्याऐवजी दरवर्षी खुर्चीत बसून रजिस्टरमध्ये "सतरा, ठीक" असं लिहीत राहिले. जुना मुकादम निवृत्त झाला होता, नव्याला पत्ता नव्हता. आणि आमच्याकडच्या नकाशाची घडी तिथेच विरून भोक पडलेलं.

ठरवून आले नव्हते हो, शपथेवर सांगते. पण तोंडातून निघून गेलं, "पुढे अठरा."

"आणि सतरा?" इंजिनिअर म्हणाला.

"सतरा नाही. सोळानंतर एकदम अठरा."

बेबीने माझ्याकडे पाहिलं. मग "मॅडम" विसरून म्हणाली, "ताई, नक्की नाही?"

"नाही म्हटलं ना. मी इथे सव्वीस वर्षं आहे का तू?"

"मग सोळा ते अठरा सरळ रेघ," ती इंजिनिअरला म्हणाली. "लिहून घ्या."

तो बिचारा उडालाच. "अहो मॅडम, पायऱ्या सरकारकडे राहतात मग! पाण्यात उतरायला तेवढी एकच जागा आहे. लोक काय नुसतं कठड्यावरून पाणी बघणार?"

"लिहा म्हटलं ना."

त्याने लिहिलं. मला आनंदाच्या अशा काही उकळ्या फुटल्या की काय सांगू! पायऱ्या सरकारच्या, म्हणजे खोली सरकारची, म्हणजे मी तिथेच. आयुष्यात पहिल्यांदा बेबीच्या हातातून काहीतरी माझ्याकडे आलं होतं आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं. शहराच्या पायऱ्या मी ढापल्या याची लाज वाटायला हवी होती. जरासुद्धा वाटली नाही.

उरलेले दगड मी जवळजवळ गात गात मोजले. शेवटचा तेवीस नंबर झाल्यावर सह्या करायला आम्ही खोलीत आलो. इंजिनिअर आणि मुकादम बाहेर चहा घेत थांबले. कागद टेबलावर ठेवून मी पेन उघडलं.

बेबी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "छान आहे गं खोली. तीन वर्षं निवांत बस. तू निवृत्त झालीस की पायऱ्यांसाठी मी वेगळा अर्ज करीन."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"मूळ नकाशा मी गेल्या महिन्यात तुमच्या मुख्य कचेरीत जाऊन पाहिलाय, ताई. सतरा आहे. पण असू दे. आई म्हणालीच होती, ताईचं तेवढं बघ, तिला ते तळघर सोसायचं नाही."

म्हणजे दोघींनी बसून माझा विचार केला होता. बिच्चारी ताई! मी चोरलं म्हणून ऐटीत मिरवत होते, ते या बयेने मला दिलं होतं. वर तिचं मन मोठं, माझं खोटं झाकून स्वतःची नोकरी धोक्यात घालणारी ती, आणि मी कोण? आईच्या डोळ्यांत ती आणखी वीतभर उंच होणार. माझं डोकं असं सणकलं की कानशिलं तापली.

"मुकादम!" मी दारातून ओरडले. "फावडं आणा!"

"ताई, अगं काय करतेस? इंजिनिअरसमोर..."

"सरक बाजूला."

मी तरातरा पायऱ्यांच्या कोपऱ्यावर गेले आणि राड्यारोड्याच्या ढिगाशी टाच आपटली. "इथे खणा." मुकादम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "खणा म्हणते ना! सतरा इथे आहे. मला माहीत होतं. मी खोटं बोलले, तेही लिहून घ्या हवं तर."

हातभर खाली दगड लागला. मुकादमाने माती पुसली, आकडा निघाला. इंजिनिअरचा चेहरा असा खुलला, जणू त्याच्याच घरच्या पायऱ्या सापडल्या. त्याने माझ्या खोटेपणाबद्दल अवाक्षर न काढता आधीची रेघ खोडली आणि नवी ओढली. मी सही केली, कपाट रिकामं केलं, दाराला कुलूप घालून किल्ली बेबीपुढे धरली.

तिने हात पुढे केला नाही. तिचे डोळे भरले होते. "मला नको होती गं ही खोली."

"म्हणून तर देतेय," मी म्हणाले. "तुला हवी असती तर जन्मात दिली नसती."