त्र्याण्णवावी आकृती

अमिनाबीने पत्र्याचा शेवटचा त्रिकोण जागेवर धरला, काढला आणि उलटा करून पुन्हा धरला.

"नाही बसत, गुरुजी."

उत्तमसिंग राठोड मास्तर बाकावरून उठले. उमरखेडच्या बाजारात रॉकेलच्या चिमण्या आणि गाळण्या बनवणाऱ्या या बाईकडे ते निकाल मागायला आलेच नव्हते. पुठ्ठ्याची आकृती पत्र्यात करून हवी होती, बस. बाजू त्रिकोण, चौकोन, पंचकोन वगैरेंच्या, प्रत्येक बाजूच्या कडा नि कोन सारखे, कुठे खोलगट नाही. अशा आकृत्यांची यादी नागपूरच्या मित्राने धाडली होती. जुन्या, ओळखीच्या सोडून ब्याण्णव. याहून जास्त नसाव्यात, असं ती करणाऱ्या परदेशी गणितज्ञाचं म्हणणं. आणि मास्तरांना त्र्याण्णवावी सापडली होती. बंजारा तांड्यावरून शिकून गणिताचा मास्तर झालेला पहिला माणूस. मग त्याची छाती फुगणार नाही तर कोणाची? हेडमास्तरांनी तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगूनही टाकलं होतं.

"पुठ्ठ्यात तर बसते," ते म्हणाले.

"पुठ्ठा सोसते, गुरुजी. ओढला का वाकते. पत्रा नाही सोसत."

"थोडं दाबून झाळ लावून जोडून टाका ना."

"दाबतो. मले काय, दोन मिनिटांचं काम. पण मंग हा पंचकोन टेढा होईन. टेढा चालते काय तुमाले?"

मास्तरांनी फट पाहिली. ज्वारीचा दाणा जाईल एवढी. पट्टी घेऊन त्यांनी एकेक कड मोजली. एकही चुकलेली नव्हती. आधी त्यांना बाईचा राग आला, मग स्वतःचा. डोळे भरून आले तसे ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"नाही चालत," ते म्हणाले.

अमिनाबीने समोरून चहा मागवला. मास्तर परत बाकावर येऊन बसले.

"माझ्या घरी त्या परदेशी गणितज्ञाच्या ब्याण्णव आकृत्याही पुठ्ठ्याच्याच आहेत," ते अखेर म्हणाले. "डोळे झाकून खऱ्या धरल्या मी. त्याही करून पाहू."

"साऱ्या?"

"साऱ्या."

"अन् त्याची एखादी टेढी निघाली तं?"

"तर त्याला पत्र लिहू. दोघांच्या नावानं."

अमिनाबीने कोरा पत्रा पुढे ओढला.

"नावाचं मागून पाहू. पहिली कोनती करू, ते सांगा."