विणता विणता राहिलेला स्वेटर

मी एक जुना, एकाच बाहीचा स्वेटर आहे. मित्रांनो, हसू नका, माझा जन्म अजून पुरा व्हायचा आहे. जपानात, आओमोरीतल्या एका सफरचंदाच्या गावी मित्सुएआजींनी मला नवऱ्यासाठी, म्हणजे तोराजीआजोबांसाठी, विणायला घेतलं. लोकर छान पिवळीधमक होती. शेजारणी येऊन कौतुकानं टाके बघत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

एक बाही झाली तेव्हा आजोबांनी मला अंगाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "यात मी मुळ्याचं पिवळं लोणचं दिसेन."

आजींनी सुयांसकट मला कपाटात कोंबलं. आजोबांना चुटपुट लागली. "अगं, त्या दिवशी ते..." एवढं ते कितीदा तरी म्हणत आणि पुढचं चहाबरोबर गिळून टाकत. मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात हिवाळ्यामागून हिवाळे काढले.

यंदा वर्षअखेरीच्या साफसफाईत आजींनी मला थेट कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. त्यांची व्हिएतनामी सून थुई फडकं मारता मारता जपानीच्या परीक्षेची उजळणी करत होती. धडा होता 'काके'चा. क्रियापदाला हे शेपूट जोडलं की समजायचं, कामाला हात लागलाय, पण ते संपलेलं नाही. थुई दिसेल त्याला शेपूट लावत सुटली. उष्टा भाताचा मुटका 'ताबेकाके'. वाचता वाचता पालथा टाकलेला पेपर 'योमिकाके'. तेवढ्यात पिशवीतून माझी सुई तिला टोचली.

तिनं मला ओढून बाहेर काढलं. "आई, हा तर 'अमिकाके'. विणणं चालू आहे. मग कचरा कसा?"

आजी फडकं मारतच राहिल्या. थुईनं विचारलं, बोलता बोलता मध्येच थांबलं तर त्याला काय म्हणायचं?

"'ईकाके'," आजी म्हणाल्या. "सासऱ्यांना विचार. त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही."

दारात आलेले आजोबा कान खाजवत उभे राहिले. "अगं, त्या दिवशी ते..." आजींनी फडकं खाली ठेवलं आणि वाट पाहिली. "...ते मी बोललो, ते चुकलंच. रंग चांगला होता. आणि लोणचं मला आवडतं."

आजींना हसू आवरेना. संध्याकाळी सुया पुन्हा चालू लागल्या. आता आजोबांचं पोट सुटलंय, म्हणून कडेला पट्टीही जोडायची आहे. पण त्यांना कुठला धीर! काल एका बाहीनिशीच मला घालून ते दुकानात गेले. लोक हसले, तरी ते ताठ मानेनं चालत राहिले.

मित्रांनो, हाती घेतलेलं काम मागं पडलं तर त्याला अडगळ समजू नका. आणि घरात कुणी बोलता बोलता अडखळलं, तर उठून जाऊ नका. जरा थांबा. पुढचा शब्द बहुतेक ओठांवर आलेला असतो.