साडूचा तंबू

शनिवारी दुपारी साडूने दारात हॉर्न वाजवला आणि गाडीतूनच ओरडला, "चला, डोंगरावर! जंगलात तंबू ठोकून राहायचं. दहा मिनिटांत खाली या!"

मास्तरांची लेक अर्धं जेवण टाकून जिन्यात पळाली. मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. अकरा वर्षं ते तंबूच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसत होते, पण लेकीला एकदा तंबूत न्यावं हे काही त्यांना सुचलं नव्हतं. सुचलं कुणाला, तर या गाडी शिकवणाऱ्या साडूला! याला मेल्याला सगळंच सुचायचं. पोरीला सायकल शिकवली याने, पोहायला शिकवलं याने. शाळेत निबंध लिहिला तोही तिने 'माझे काका' या विषयावर.

उंच झाडांमधल्या मोकळ्या जागेत साडूने पिशवीतून तंबू ओढून काढला आणि मास्तरांनी तो ओळखला. त्यांच्याच कारखान्यातला, त्यांच्याच हातचा. खालच्या कडेची शिवण संपते तिथे तीन उलटे टाके होते. बाकीचे कारागीर दोनावर भागवायचे, तीन घेणारे मास्तर एकटेच. म्हणजे मान मोडून शिवायचं यांनी आणि मिरवायचं त्याने! तंबू उभा राहिला तशी लेक टाळ्या पिटत म्हणाली, "काका, तुम्हाला सगळं म्हणजे सगळं येतं!"

मास्तरांचं डोकंच फिरलं.

मास्तरांची बायको आणि मेहुणी पाणी आणायला ओढ्यावर गेल्या. साडू लेकीला घेऊन सरपण वेचायला गेला. मास्तर तंबूपाशी गुडघ्यांवर बसले. ही शिवण साखळी टाक्याची, शेवटची गाठ उकलली की पोत्याच्या तोंडासारखी सरसर सुटत जाते. नखाने त्यांनी आपलेच तीन टाके उसवले आणि दोऱ्याचं टोक मोकळं सोडलं. लागू दे आता जरा वारा, मग कळेल काकाला काय काय येतं ते. त्यांना फार बरं वाटलं.

चहा उकळला. साडूने पहिला कप मास्तरांच्याच हातात दिला आणि लेकीला विचारलं, "हा तंबू कुठला, सांग बघू? दुकानात याहून भारी दोन होते. मी म्हटलं, छे! आमच्या मास्तरांच्या कारखान्यातला असेल तोच द्या."

लेकीचे डोळे मोठे झाले. "बाबा, हा तुम्ही शिवलाय?"

मास्तरांनी कशीबशी मान हलवली.

"मला कधी सांगितलंच नाही तुम्ही!" ती उठली आणि तंबूभोवती फिरत एकेक शिवण बोटांनी चाचपू लागली. "मावशी, बघ ना, बाबांनी किती सरळ शिवलंय!"

"थांब गं, मी जरा बघतो," म्हणत मास्तर घाईने उठले. पण वारा तेवढा वेळ थांबायला तयार नव्हता. एक झोत आला, कडेची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटली आणि तंबूची एक बाजू फडफडत वर गेली.

"अहो, तुमची शिवण!" बायको म्हणाली. मेहुणी तोंडाला पदर लावून हसली. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

"त्यांची शिवण कशी जाईल?" साडू धावत दोऱ्या आवरत म्हणाला. "मीच जास्त ताणला असणार. मी हा असा धसमुसळा! मास्तर, माफ करा, तुमच्या कामाची मी वाट लावली."

लेकीला ते लगेच पटलं. तिने मास्तरांना हाताला धरून खाली बसवलं, ती त्यांच्या मांडीत बसली आणि त्यांचा हात तिने स्वतःच्या गळ्याभोवती ओढून घेतला. दिवसभर ज्याच्यासाठी ते जळत होते ते मांडीत येऊन बसलं होतं. खरं सांगावं म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

साडू सुईदोरा शोधायला गाडीकडे निघाला होता. चूक आपलीच, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तरी गडी मजेत शीळ घालत होता. मास्तरांना आताही त्याचा हेवाच वाटला.