तिघांतले दोघे

राज्यशास्त्राच्या वर्गात दरवर्षी लुटुपुटीची संसद भरायची. यंदा मात्र प्राचार्य म्हणाले होते, "सभागृह ठरवेल ते मी करीन." ठरवायचं होतं ते असं: संध्याकाळी अभ्यासिका उघडी ठेवायची, की तिथे टेबल टेनिस मांडायचं?

थोरलीला अभ्यासिका हवी होती. हवी म्हणजे काय, तिच्यावाचून अडलंच होतं! घरी दोन खोल्या. एकीत वडिलांचं शिवणाचं मशीन, दुसरीत भावाची जुळी. तिथे कसला डोंबलाचा अभ्यास! म्हणून तिने स्वतःचा पक्ष काढला. पक्ष म्हणजे ती, तिची मावसबहीण धाकटी आणि वर्गातला चष्मेवाला. बाकी वर्ग बरोबर निम्मा इकडे, निम्मा तिकडे, त्यामुळे या तीन टाळक्यांना भलताच भाव आला.

धाकटीला पक्षांतराचा नियम काही केल्या कळेना. थोरलीने जीव तोडून शिकवला. "हे बघ, आपल्यातलं एकटं कुणी पलीकडे गेलं तर तो गद्दार, त्याचं मत बाद. पण तिघांतले दोघे मिळून गेले, तर ती फूट. मग मत चालतं."

"म्हणजे एकट्याने जायचं नाही."

"आता कशी बोललीस!" थोरलीने कौतुकाने तिच्या पाठीत धपाटा घातला.

मतदानाच्या दिवशी सर म्हणाले, "अभ्यासिकेच्या बाजूचे उभे राहा." थोरली ताडकन उठली. धाकटी बसलेलीच. लक्ष नसेल, वेंधळीच मेली, असं म्हणत थोरलीने तिला कोपराने ढोसलं. धाकटी बाकाकडे बघत राहिली. पलीकडे चष्मेवाला चष्मा पुसत होता.

"आता विरोधातले." दोघं उठली.

"हे पक्षांतर नाही का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तिघांतले दोघे आहोत. ही फूट आहे." एका शब्दाला अडखळली नाही पोरगी. सर म्हणाले, "शाबास!"

एका मताने अभ्यासिका गेली. धाकटीला क्रीडामंत्रिपद मिळालं, तेही लुटुपुटीचं! खरं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण जिला घोकून घोकून शिकवलं, तिनेच केसाने गळा कापला, आणि वर शाबासकीही तिलाच.

जिन्यात धाकटीने हात धरला. "अगं, राजकारण आहे हे! रागवू नकोस ना. आणि आईला सांगू नकोस हं." थोरलीने हात सोडवून घेतला.

घरी वडिलांनी तिला पाहून मशीन थांबवलं. "आज इतक्या लवकर? आणि धाकटी कुठाय?"

तिने भिंतीला टेकून मांडीवर पुस्तक उघडलं.

"तुम्ही चालवा मशीन, बाबा. मला सवय करायची आहे."