अंबडच्या बैठकीचा रिप्ले

संघपाल आणि तृप्ती यांची ओळख एका ऑनलाइन युद्धखेळात झाली. दोघेही जालन्यातच नोकरीला आहेत, हे पुष्कळ उशिरा कळले. हरलेल्या प्रत्येक सामन्याचा रिप्ले ते एकत्र पाहत. नियम तृप्तीचा होता: प्रत्येकाने फक्त स्वतःची चूक सांगायची; प्रतिस्पर्ध्याला, नशिबाला किंवा नेटवर्कला बोल लावायचा नाही. या शिस्तीने दोघांचा खेळ खरोखरच सुधारला. एखाद्या शिस्तीवर श्रद्धा बसायला एवढे यश पुरेसे असते.

म्हणून तृप्तीला मागणी घालायला अंबडला तिच्या घरी गेलेला संघपाल नकार घेऊन परतला, तेव्हा त्याने तीच पद्धत वापरली. आपण घाईने बोललो काय? पगार सांगताना आवाज चढला काय? महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या वागण्यावर एक कठोर प्रबंध रचला आणि त्यात यजमानांचा उल्लेख येऊ दिला नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला.

“तू जल्दी केलीस. अप्पांना आधी पिकापाण्याचं विचारायचं, मंग आपलं.”

“बराबर. अजून?”

“गाव शहागड, एवढंच सांगायचं. भीमनगर म्हणायची काय गरज होती?”

“त्यांनी विचारलं, शहागडात कुठं.”

“विचारतेतच. खेळात कसे चकवे देतोस, तसा द्यायचा एखादा.”

तो हसलादेखील. मग ती बैठक त्याच्या मनात पुढे सरकली. ते उत्तर ऐकून अप्पा, म्हणजे तृप्तीचे वडील धर्मराज, आत गेले होते. नंतर चहा आला. सर्वांना चिनीमातीचे कप. त्याच्यापुढे कागदी पेला. तेव्हा त्याला ती स्वच्छतेची काळजी वाटली होती. शिकलेला माणूस अपमानालाही आधी एक सभ्य कारण शोधून देतो.

“तृप्ती, ट्रे तुझ्या हातात होता.”

“होता. मंग?”

“तो पेला कोणी काढला?”

“आईनं काढून ठेवल्ता. मी फक्त आणला.”

“तुला दिसला होता?”

“दिसला. म्हणलं, आज वाद नको. लग्न झाल्यावर बघू.”

ती आणखी काही बोलेल, असे त्याला वाटत होते.

“बिलकुल खचू नको,” ती म्हणाली. “अजून एकदा ये. ह्या वेळी तुझ्या आईंना संगं आण. बाईमाणूस असलं की बरं दिसतं.”

त्याची आई, कांताबाई, मुलाच्या लग्नासाठी कुठेही हौसेने आली असती. तिच्यापुढे कोणता पेला ठेवला जाईल, हे त्याला दिसत होते.

“न्हाई,” तो म्हणाला. तृप्तीला तो प्रथमच नाही म्हणत होता.